वेळापत्रकाबाहेरचा एक तास

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

जून महिना उजाडला, शाळा उघडल्या, की आम्हां शिक्षकांकडे पालकांची ये-जा सुरू होते. कोणी वर्ग बदलून मागतो, कोणी फीबद्दल बोलतो. परंतु गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मात्र दर जूनमध्ये हटकून ऐकू येतो. "सर, शाळेचे तर चालूच आहे, पण मुलीला आणखी काय लावू?" या प्रश्नातले 'लावू' हे क्रियापद माझ्या मनात फार दिवस घोळत आहे. आपण मराठी माणसे शिकवणी 'लावतो', क्लास 'लावतो', गाणे 'लावतो'. लेपही आपण लावतो आणि झाडही लावतो. लेप वरून लागतो आणि वाळला की गळून पडतो. झाड आत रुजावे लागते आणि त्याला वेळ द्यावा लागतो. मुलाला शाळेबाहेरचा एखादा विषय लावताना आपण यांपैकी नेमके काय करीत असतो, याचा थोडा विचार आज आपल्यासमोर मांडावा, अशी माझी इच्छा आहे.

प्रथम, जादा विषय म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. गणिताचीच शिकवणी पुन्हा संध्याकाळी लावणे, हा जादा विषय नव्हे. तो जुन्याच विषयाचा जादा तास झाला. जादा विषय म्हणजे जो शाळेच्या वेळापत्रकात नाही, आणि तरीही जो मूल शिकते, तो विषय. आपल्याकडे यांची परंपरा जुनी व चांगली आहे. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना 1936 साली झाली. तिच्या प्रवेश, परिचय, कोविद या परीक्षांना आपल्या आधीच्या दोन पिढ्या बसल्या. संगीताच्या प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंतच्या परीक्षा घेणारे गांधर्व महाविद्यालय मंडळ 1931 सालचे. महाराष्ट्रातील चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षा तर घरोघरी ठाऊक आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे शब्दच कित्येकांना त्या परीक्षांनी शिकविले. यांच्या जोडीला आता संगणक आला, बुद्धिबळ आले, परदेशी भाषा आल्या, जलद गणिताचे वर्ग आले. पूर्वी निवड करायला दोन-तीन गोष्टी होत्या; आज पालकापुढे सगळा बाजार मांडलेला आहे. म्हणूनच निवडीचा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे.

जादा विषय असावेत, असे म्हणणाऱ्यांची बाजू मी आधी मांडतो, कारण मी स्वतः बराच काळ त्या बाजूचा होतो आणि आजही ती पुरती सोडलेली नाही.

शाळेचे वेळापत्रक ही एक तडजोड असते. एका वर्गात पन्नास-साठ मुले, आणि त्या सर्वांना निदान जे यावे असे वाटते, तेवढेच त्या चौकटीत बसविलेले असते. एखाद्याच मुलाला जे हवे असते, त्याला तेथे जागा असू शकत नाही. आणि पुष्कळदा माणसाचे खरे काम त्या चौकटीबाहेरच सापडते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे उदाहरण घ्या. ते मुंबईत महाविद्यालयात शिकत होते. त्यांनी 1885 साली बी. ए. ची व 1887 साली कायद्याची पदवी घेतली. वेळापत्रकाप्रमाणे पाहिले तर हा तरुण वकील व्हायचा होता, आणि तो झालाही. परंतु विद्यार्थी असतानाच, 1884 साली, ते गायनोत्तेजक मंडळीत जाऊ लागले होते. महाविद्यालयाच्या कोणत्याही परीक्षेत ज्याला एक गुण नव्हता, असा तो विषय. पुढे वकिली मागे पडली, आणि त्याच बाहेरच्या विषयातून हिंदुस्थानी संगीताची शास्त्रशुद्ध मांडणी उभी राहिली. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय 1918 साली त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सुरू झाले, हे तेथील मराठी श्रोत्यांना मी सांगावयास नकोच.

दुसरे उदाहरण गोव्याचे. धर्मानंद कोसंबी 1876 साली साखवाळ या गावी जन्मले. शाळेचे शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही. 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले, आणि त्या वाचनाने त्यांच्या आयुष्याला वळण लागले. 1899 साली ते घर सोडून संस्कृत शिकण्यासाठी बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ असे फिरत फिरत ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि तेथे पाली भाषा शिकले. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथांच्या संपादनासाठी त्यांना बोलावून घेतले. मुलांच्या मासिकातील एक लेख कोठवर नेऊ शकतो, याची कल्पना कोणत्या वेळापत्रकात बसणार?

आणि तिसरे उदाहरण आम्हां ख्रिस्ती लोकांच्या जवळचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या आवारात पॅरिश शाळा भरत. तेथे मुलांना प्रार्थना तर शिकवीतच, शिवाय सूरलेखन आणि व्हायोलिनही शिकवीत. कारण रविवारच्या मिस्सेला गाणारे व वाजविणारे हवे असत. गावच्या मेस्त्रीकडे, म्हणजे संगीत-शिक्षकाकडे, शेतकऱ्याचा मुलगा आणि जमीनदाराचा मुलगा एकाच बाकावर बसून सूर वाचायला शिकत. या परंपरेतून जे वादक निघाले, त्यांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताची वाद्यवृंदे उभी केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक; 1927 चा त्यांचा जन्म. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. या शाळांतली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिकलेली विद्या लगेच पुढच्या रविवारी उपयोगात येत असे. प्रमाणपत्रासाठी वाट पाहावी लागत नसे. सणाच्या दिवशी आपल्या गावासमोर वाजविणे, हीच मुलाची परीक्षा आणि हेच त्याचे बक्षीस.

आता दुसरी बाजू. ती मांडताना मी भावनेपेक्षा हिशेबाचा आधार घेतो.

नववीतल्या मुलाचा दिवस चोवीस तासांचाच असतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. आपण नऊ धरू. उरले पंधरा. शाळेचे सहा गेले, उरले नऊ. जाण्यायेण्याचा एक गेला, उरले आठ. स्नान, जेवण, कपडे, दप्तर यांत दोन गेले, उरले सहा. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तरविषयक धोरणात माध्यमिक वर्गांसाठी रोज जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ असावा, असे म्हटले आहे. ते दोन गेले, उरले चार. शिकवणीला, जाण्यायेण्यासह, दोन गेले. उरले दोन. या दोन तासांत खेळ आहे, मित्र आहेत, आईला मदत करणे आहे, धाकट्या भावंडाला सांभाळणे आहे, देवाची प्रार्थना आहे, आणि नुसते खिडकीशी बसून राहणेही आहे. जो कोणता जादा विषय आपण लावणार, तो या दोन तासांतून जाणार. आणि दोन विषय लावले, तर ते झोपेतून जाणार. चोरी कोठून होणार, हे ठरविल्याशिवाय 'लावणे' हा शब्द उच्चारू नये.

ही तक्रार नवी नाही. कादंबरीकार आर. के. नारायण हे राज्यसभेचे सदस्य असताना, 1989 साली, त्यांनी सभागृहात मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल कळवळून भाषण केले. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1993 साली तिचा अहवाल आला. त्या अहवालातील एक विचार मला फार मोलाचा वाटतो. समितीचा आशय असा, की पाठीवरच्या दप्तराच्या ओझ्यापेक्षाही न समजणाऱ्या गोष्टींचे मनावरचे ओझे अधिक घातक असते. दप्तर घरी आल्यावर खुंटीला टांगता येते. न समजलेला धडा मात्र मूल झोपेतही वाहत असते. ज्याला शाळेचेच सहा विषय नीट समजलेले नाहीत, त्याच्यावर सातवा विषय घालणे म्हणजे काय, हे या एका विचारावरून कळावे.

श्रोतेहो, येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील सुतारकाम करीत. मुलगा अभ्यासात मध्यम. परंतु त्याच्या प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानांवर बैल काढलेले असत. उभे बैल, बसलेले बैल, जुवाखाली मान घालणारे बैल, बेंदराला रंगविलेले बैल. एकदा इतिहासाची वही तपासताना मी ती पाने पाहिली आणि थक्क झालो. बैल बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, हे त्याने पाहून ठेवले होते. मी त्याला बोलावून शाबासकी दिली. येथवर मी शिक्षकाचे काम केले. पुढे मी जे केले, ते शाळेच्या निकालपत्रकाचे काम होते.

मी त्याला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसविले. शनिवारी दुपारी जादा तास ठेवला. त्याच्या बैलांना त्या परीक्षेत जागा नव्हती. तेथे तांब्या, ठोकळा आणि कापडाच्या चुण्या होत्या. त्याने निमूटपणे तांब्या काढला. तो एवढा आज्ञाधारक आहे, असे पाहून एका सहकाऱ्यांनी त्याला हिंदीच्या परीक्षेत घेतले, दुसऱ्यांनी सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत. वर्षअखेर त्याच्याकडे तीन प्रमाणपत्रे जमली. स्नेहसंमेलनात त्याचे नाव पुकारले गेले, आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजविल्या.

नववीत माझ्या हाती पुन्हा त्याची वही आली. मी नकळत शेवटचे पान उघडले. ते कोरे होते. मागची सारी पाने कोरी होती. मी विचारले, "का रे, बैल कोठे गेले?" तो साधेपणाने म्हणाला, "सर, चित्रकलेची परीक्षा झाली ना आता."

त्या उत्तरात राग नव्हता, उद्धटपणा नव्हता. त्याच्या समजुतीप्रमाणे ते सरळ उत्तर होते. जे परीक्षेसाठी करावयाचे असते, ते परीक्षा झाली की संपते, हे आम्हीच त्याला शिकविले होते. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांची भेट घेतली. ते मला म्हणाले, "सर, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच केलंत. पण पूर्वी तो शनिवारी दुपारी माझ्याबरोबर बाजाराला यायचा. तिथं बैल बघत उभा राहायचा." शनिवारची ती दुपार मी घेतली होती. तो मुलगा आज वडिलांच्या धंद्यात आहे, सुखी आहे, रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. तो पुन्हा बैल काढतो की नाही, हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

या प्रसंगाने माझे मत बदलले. तथापि जादा विषय वाईट, असा निष्कर्ष मी काढला नाही. कारण त्याच सुमारास मला दुसरा एक अनुभव येत होता.

आमच्या सीमाभागात मुलाच्या कानांवर लहानपणापासून तीन-चार भाषा पडतात. घरी मराठी, राज्याची कन्नड, शाळेची इंग्रजी, आणि चित्रपटांची हिंदी. यांत वाईट काही नाही. शेजाऱ्याची भाषा येणे ही श्रीमंतीच आहे, आणि कन्नड चांगली येणारी आमची मुले मला अभिमानाने सांगाविशी वाटतात. परंतु इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या कित्येक मुलांच्या वेळापत्रकातून मराठी पुरती निघून गेलेली आहे. ती मुले मराठी बोलतात, पण वाचू शकत नाहीत. अशाच एका मुलीला तिची आजी माझ्याकडे घेऊन आली. आजीच्या जवळ तिच्या आईने लिहून ठेवलेली एक वही होती. तिच्यात लोणच्यांची मापे होती, बाळंतिणीची औषधे होती, आणि मधूनमधून प्रार्थना होत्या. आजीची दृष्टी गेली होती, आणि ती वही घरात कोणालाच वाचता येत नव्हती. "मास्तर, पोरीला एवढं वाचायला शिकवा," एवढेच तिचे मागणे होते.

दर रविवारी मिस्सेनंतर एक तास, असे दीड वर्ष ती मुलगी आली. परीक्षा नव्हती, फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. काही रविवारी ती कंटाळली; तेव्हा मी तिला परत पाठविले, आणि पुढच्या रविवारी ती आपणहून आली. पहिले सहा महिने जोडाक्षरांतच गेले. पुढे एके दिवशी तिने पणजीच्या वहीतील आंब्याच्या लोणच्याचे पान अडखळत, पण एकटीने, आजीला वाचून दाखविले. मिठाचे माप वाचताना ती चुकली, आणि आजीने ते मनाने दुरुस्त केले. त्या दिवशी त्या दोघींच्या चेहऱ्यांवर जे मी पाहिले, ते कोणत्याही निकालपत्रकात मी पाहिलेले नाही.

हाच प्रश्न बडोद्याच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या मराठी कुटुंबांपुढे आहे. सयाजीरावांच्या बडोद्यात मराठीला राजाश्रय होता. हैदराबादेत केशवराव कोरटकरांसारख्यांच्या पुढाकाराने 1907 साली विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली. आज तेथील बहुतेक मराठी मुले दुसऱ्या माध्यमातून शिकतात, आणि त्यांच्यासाठी मराठी हाच जादा विषय झालेला आहे. अमेरिकेतही बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आश्रयाने सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी मानला. परंतु दर्जा दिल्लीहून येऊ शकतो, वाचन येऊ शकत नाही. ते घरातल्या कोणी तरी, आठवड्यातला एक तास देऊनच, मुलाला द्यावे लागते.

सुताराचा मुलगा आणि ही मुलगी, या दोघांच्या अनुभवांत फरक कोठे पडला, याचा मी पुष्कळ विचार केला. विषयात फरक नव्हता. चित्रकला मराठी वाचनापेक्षा कमी थोर नाही. फरक असा, की मुलाच्या बाबतीत आवड त्याची होती आणि हेतू आमचा होता. मुलीच्या बाबतीत हेतू तिच्या घरातला होता आणि मी केवळ मदतीला होतो. मुलाचा वेळ आम्ही त्याच्या आवडीच्या जागेवरूनच काढून घेतला. मुलीचा तास कोणत्याही आवडत्या गोष्टीवर आला नाही. मुलाला थांबण्याची मोकळीक नव्हती, मुलीला होती.

यावरून मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत. ते पालकांच्या व शिक्षकांच्या विचारासाठी सांगतो.

पहिला नियम, एका वेळी एकच जादा विषय. दोन आवडत असतील, तर एक या वर्षी, दुसरा पुढच्या वर्षी.

दुसरा, विषय मुलाने निवडावा. पालकांनी दार दाखवावे, आत ढकलू नये. शेजारच्या घरातील मुलगी कथक शिकते, हे आपल्या मुलीने कथक शिकण्याचे कारण होऊ शकत नाही.

तिसरा, पहिले वर्षभर परीक्षा नको. परीक्षांना माझा विरोध नाही. चांगली परीक्षा शिस्त लावते, आणि वर सांगितलेल्या संस्थांनी त्या शिस्तीचे मोठे काम केले आहे. पण आधी गोडी, मग कसोटी. महाराष्ट्रात चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेबद्दल, तसेच खेळ व लोककला यांतील प्रावीण्याबद्दल, दहावीला वाढीव गुण देण्याची सोय आहे. तिचा हेतू चांगला आहे, कारण त्यामुळे या विषयांना मान मिळाला. परंतु केवळ त्या चार-पाच गुणांसाठी जो मुलाला चित्रकलेला बसवितो, तो मुलाला रंग शिकवीत नाही, भाव करणे शिकवितो.

चौथा, सोडण्याची मोकळीक. सहामाहीच्या शेवटी मुलाला मोकळेपणाने विचारावे, "पुढे चालू ठेवायचे का?" आणि 'नाही' म्हणाला, तर ते ऐकावे. मात्र मध्येच, एका कंटाळ्याच्या दिवशी सोडू देऊ नये. सुरू केलेली सहामाही पुरी करणे, एवढी चिकाटी मुलाच्या अंगी आली पाहिजे.

पाचवा, झोप आणि खेळ यांना हात लावू नये. वर सांगितलेला हिशेब पालकांनी एकदा कागदावर, आपल्या मुलासमोर बसून मांडावा. कित्येकदा तो कागदच प्रश्नाचे उत्तर देतो.

याविषयी एक शंका नेहमी निघते. "दहावीच्या वर्षी तरी सारे बंद करावे ना?" माझे उत्तर आहे, कमी करावे, बंद करू नये. जो मुलगा आठवड्यातून तीन दिवस तबला वाजवीत होता, त्याने एक दिवस वाजवावा. वर्षभर कोरडे पडलेले झाड पुन्हा हिरवे होईलच, याची हमी कोणी देऊ नये. शिवाय सात-आठ तास पुस्तकावर वाकलेल्या मुलाला तो एक तासच पुन्हा ताजा करतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जादा विषय शिकावयाला पैसे लागतात. क्लासची फी, रंगांची पेटी, पेटी-तबला, जाण्यायेण्याचे भाडे. ज्याच्या घरी हे आहे, त्याचे मूल वेळापत्रकाबाहेर पोहोचते. ज्याच्या घरी नाही, त्याचे मूल वेळापत्रकातच राहते. मुलींचे तर आणखी निराळे. माझ्या वर्गातील किती तरी मुलींचा वेळापत्रकाबाहेरचा विषय म्हणजे पाणी भरणे आणि भाकरी थापणे हाच असतो. त्यांना कोणी विचारीत नाही, की तुला काय आवडते. पॅरिश शाळेच्या बाकावर शेतकऱ्याचा मुलगा बसू शकत होता, याचे कारण ती शाळा त्याच्या गावात होती आणि तिचा भार गावाने उचलला होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय यांमधली भिंत काढावी, असे म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या काळात मुलांना केव्हा तरी दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे काम शिकता यावे, असेही त्यात आहे. ही दिशा योग्य आहे. पण धोरण कागदावरून वर्गात यावयाचे, तर शाळेने शेवटचा एखादा तास मोकळा सोडला पाहिजे, आणि गावातील सुताराने, भजनी मंडळाच्या पेटीवाल्याने, निवृत्त शिक्षिकेने त्या तासाला आले पाहिजे. प्रत्येक गावात अशी माणसे आहेत. त्यांना बोलावणे हे आमचे काम आहे, आणि येणे हे त्यांचे.

शुभवर्तमानात एक दाखला आहे. धनी परदेशी जाताना आपल्या चाकरांजवळ ठेव देऊन जातो. एकाला पाच भाग, एकाला दोन, एकाला एक. त्यावर प्रवचन करताना आपण नेहमी त्या तिसऱ्या चाकराला दोष देतो, ज्याने आपला वाटा जमिनीत पुरून ठेवला. ते बरोबरच आहे. मुलाच्या अंगचा गुण पुरून ठेवणे हा अपराधच आहे. पण त्या कथेत आणखी एक गोष्ट सांगितलेली आहे, आणि ती आम्ही शिक्षक-पालक वाचताना गाळतो. धन्याने ती ठेव ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे वाटून दिली होती. एका भागाच्या चाकराकडून त्याने पाच भागांचा हिशेब मागितला नाही. आम्ही मात्र एकच भाग घेऊन आलेल्या मुलाच्या पाठीवर पाच भागांची थैली चढवितो, आणि तो वाकला की त्याला आळशी म्हणतो.

तेव्हा या जूनमध्ये, "मुलीला आणखी काय लावू?" असे मला कोणी विचारील, तर मी त्यांना उलट विचारणार आहे, "तिच्या वहीचे शेवटचे पान आपण पाहिले आहे काय?" मुलाचा जादा विषय बहुधा तेथे आधीच सुरू झालेला असतो. तेथे बैल असतील, गाण्याच्या ओळी असतील, विमानाचे आराखडे असतील, किंवा एखाद्या न समजणाऱ्या लिपीतील अक्षरे गिरविलेली असतील. ते पान पाहावे, त्याच्यावर लाल शाईने काही लिहू नये, आणि त्या पानाला आठवड्यातला एक तास मिळवून द्यावा. रोपाला खड्डा, पाणी आणि ऊन एवढेच आपण देऊ शकतो. वाढावयाचे ते त्याचे त्याला असते.